एकाच मांगरात कोंबडीची आणि बदकाची पिल्लं: आधी पाण्याचं ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुडाळजवळ घर आहे, परड्यात रिकामा मांगर (सामान-गुरं ठेवायची झोपडी) आहे. गिरिराजा जातीच्या कोंबडीची 25 आणि खाकी कॅम्पबेल बदकांची 10 पिल्लं एकदम आणायची आहेत. विक्रेता मृगाच्या सुमाराला देतो म्हणतो. एकाच ब्रुडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देऊन वाढवायच्या जागेत, वाढवली तर चालतील का, खाद्य एकच की वेगळं, आणि बदकांसाठी आधी तळं खणायचं का?

आधी मृगाचं बोलतो, कारण त्यावर बाकी बरंच अवलंबून आहे. जूनमध्ये पिल्लं आणू नका. विक्रेत्याला सांगा, दसऱ्यानंतर द्या. मी अठरा वर्षं चिपळूणकडे कोंबड्या आणि बदकं एकत्र पाळतोय. पहिल्याच वर्षी मी जुलैत वीस कोंबडीची आणि आठ बदकाची पिल्लं एकाच ब्रुडरमध्ये सोडली होती. ऊब नीट होती, खाद्य चांगलं होतं, तरी दहा दिवसांत कोंबडीची अकरा पिल्लं गेली. रोज सकाळी एक-दोन पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात बसलेली दिसायची, विष्ठेत रक्त यायचं आणि संध्याकाळपर्यंत ती मरायची. बदकाची पिल्लं मात्र टुणटुणीत होती. पिल्लंच खराब मिळाली असं मला तेव्हा वाटलं होतं. खरं कारण पायाखाली होतं. बदकांनी खाली अंथरलेलं भाताचं तूस भिजवून चिखल केला होता आणि बाहेर पाऊस असल्यामुळे ते वाळतच नव्हतं.

त्या आजाराला आपण रक्ती हगवण म्हणतो. त्याचे सूक्ष्म जीव कोंबडीच्या विष्ठेतून पडतात, पण पडल्या पडल्या ते घातक नसतात. ओल, ऊब आणि हवा मिळाली की दीड-दोन दिवसांत ते पक्व होतात आणि मग पिल्लानं टिपले की आतड्यात रोग करतात. कोरड्या तुसात त्यांचं फारसं काही चालत नाही. कोंबडीच्या रक्ती हगवणीचे जीव बदकाला सहसा लागत नाहीत, म्हणून ओल करणारी बदकाची पिल्लं ठणठणीत राहतात आणि कोंबडीची मरतात. एवढं कळलं की मिश्र कळपाची निम्मी तयारी आपोआप सुचते. ऊब आणि खाद्य याबद्दल सगळेच विचारतात. मी तुम्हाला विचारेन, मांडलेलं पाणी सांडल्यावर जाणार कुठे?

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: छप्पर एक, कप्पे दोन. मधे अर्ध्या इंचाची जाळी लावा. पिल्लं पहिल्या दिवसापासून एकमेकांना बघतील, आवाज ओळखतील, आणि पुढे एकत्र सोडताना भांडणं जवळजवळ होत नाहीत. जागा फारच कमी असेल तर पहिले तीन-चार दिवस एकत्र ठेवून भागतं, त्यानंतर नाही. आठवड्याभरात बदकाचं पिल्लू शेजारच्या कोंबडीच्या पिल्लाच्या दुप्पट दिसायला लागतं. ते पायाखाली तुडवतं, पाण्याच्या भांड्यात चढून बसतं, आणि ओलं अंग घेऊन उबेला येऊन सगळ्यांना भिजवतं.

जागेचा हिशेब पहिल्या तीन-चार आठवड्यांसाठी कोंबडीच्या पिल्लाला अर्धा चौरस फूट आणि बदकाच्या पिल्लाला एक चौरस फूट असा धरा. तुमच्याकडे कोंबड्यांना बारा-तेरा आणि बदकांना दहा चौरस फूट झाले. थोडं जास्तच ठेवा. बदकांचा कप्पा मांगराच्या उताराच्या बाजूला, दाराकडे घ्या. सगळं पाणी त्या कोपऱ्यातून बाहेर गेलं पाहिजे. जमीन शेणानं सारवलेली असेल तर तेवढ्या कोपऱ्यात तरी फरशी किंवा सिमेंटचा कोबा करून बाहेर नळी काढा.

आता पाण्याची मांडणी. एक उथळ प्लास्टिकचा ट्रे किंवा जुनं घमेलं घ्या, त्यावर लाकडी चौकटीला ठोकलेली अर्ध्या इंचाची जाळी ठेवा आणि पाण्याचं भांडं त्या जाळीवर. बदकं जे उडवतील ते जाळीतून खाली ट्रेमध्ये पडेल, तुसात जाणार नाही. ट्रे दिवसातून दोनदा ओता. भांडं म्हणून मी पाच लिटरचा खाद्यतेलाचा कॅन वापरतो. बाजूला पिल्लाचं डोकं जाईल पण अंग जाणार नाही एवढं भोक कापायचं आणि कडेला चिकटपट्टी लावायची, म्हणजे मान कापत नाही. पिल्लं वाढतील तसं भोक मोठं आणि वर करत जायचं. बदकाच्या पिल्लाला चोच बुडवण्यापुरतं पाणी पुरत नाही. त्याला नाकपुड्या आणि डोळे धुता आले पाहिजेत, नाहीतर नाकात खाद्य अडकून डोळे चिकटायला लागतात. कोंबडीच्या बाजूला मात्र नेहमीचा उलटा प्लास्टिकचा ड्रिंकर लावा आणि पहिले काही दिवस त्याच्या खोबणीत धुतलेले खडे टाका. कोंबडीचं पिल्लू अर्धा-पाऊण इंच पाण्यातही बुडून मरतं.

पिल्लं यायच्या आठ-दहा दिवस आधी मांगर रिकामा करून झाडा, भिंतींना आणि जमिनीला चुना लावा आणि पूर्ण वाळू द्या. चुना नंतर, पिल्लं असताना तुसात टाकायची काही ठिकाणी पद्धत आहे. ती मला पसंत नाही, कोवळे पाय आणि डोळे भाजतात. ओल झाली तर तेवढं तूस उचलून खतात टाकावं आणि कोरडं घालावं. कोंबड्यांकडे दोन-तीन इंच आणि बदकांकडे चार इंच तूस लागेल, आणि बदकांकडे रोज वरून एक थर. भाताचं तूस गिरणीतून आधीच चार-पाच पोती आणून कोरड्यात ठेवा, ऐन वेळी ओलं मिळतं. पहिले तीन-चार दिवस तुसावर गोणपाट अंथरा म्हणजे पिल्लं खाद्य समजून तूस टिपत नाहीत. वर्तमानपत्र अंथरू नका. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात, बदकाचे तर लगेच, आणि दोन-तीन दिवसांत तो दोष कायमचा होतो.

भिंतीतलं आणि दाराखालचं प्रत्येक भोक बुजवा. कोंबडीपालनात लोक कुत्र्याला आणि घारीला भितात, पण पिल्लांच्या वयात उंदीर, मुंगूस आणि साप हेच जास्त नुकसान करतात. उंदीर रात्री बदकाच्या पिल्लाचे पाय कुरतडतो. कोंबडीसाठी मिळणारी षटकोनी भोकांची मोठी जाळी साप अडवत नाही. खालचे दोन फूट तरी अर्ध्या इंचाची चौकोनी जाळी लावा आणि तिची कड वीतभर जमिनीत गाडा.

उबेसाठी पिवळे, तारेचे बल्ब शोधून आणा. हल्ली दुकानात एलईडी देतात, त्यात उजेड असतो, ऊब नसते. एका पिल्लामागे दोन वॅट हा ढोबळ हिशेब, म्हणजे कोंबड्यांकडे साठचा एक बल्ब कायम आणि थंड रात्री लावायला दुसरा, बदकांकडे चाळीसचा एक. वर पत्र्याची टोपी करा आणि साखळीनं टांगा. वायरला लोंबकळणारा बल्ब तुसात पडला तर मांगर पेटतो. कोंबडीच्या पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात 34-35 अंश सेल्सिअस हवं, पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. बदकाच्या पिल्लाला सुरुवातीलाच 30-32 पुरतं आणि ते लवकर ऊब सोडतं. कोकणात तीन आठवड्यांनंतर दिवसा त्याला बल्ब लागतच नाही. एकाच उबेत दोघांना ठेवलं की एक जण गारठतो किंवा दुसरा धापा टाकतो, कप्पे वेगळे करायचं हे दुसरं कारण.

थर्मामीटर लावा, पण विश्वास पिल्लांवर ठेवा. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर थंडी आहे. कडेला जाऊन चोच उघडी टाकली असेल तर उष्मा आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा येतोय. पसरून, हातपाय ताणून झोपलेली पिल्लं दिसली की तुम्हीही जाऊन झोपा. पिल्लं यायच्या आदल्या दिवशी पूर्ण चोवीस तास बल्ब चालू ठेवून बघा. आणि आपल्याकडे लाईट जाते हे धरूनच चाला: गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिल्लांमध्ये ठेवल्या की दोन-तीन तास निभावतात. बंद मांगरात कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. त्या धुरात पिल्लं झोपल्या जागी मरतात, आणि बघायला गेलेल्या माणसालाही धोका असतो.

खाद्याचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं केलं, कारण इथे चूक झाली तर ती तिसऱ्या आठवड्यात पायांत दिसते. कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर दोघांना चालतं, 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचं. पण बदकाच्या पिल्लाला नायसिन नावाचं ब गटातलं जीवनसत्त्व जास्त लागतं. कोंबडीच्या पिल्लाला किलो खाद्यामागे साधारण 30 ते 35 मिलिग्रॅम पुरतं, बदकाच्या पिल्लाला 55 च्या आसपास हवं. त्यात आपलं खाद्य बहुतेक मक्याचं, आणि मक्यातलं नायसिन पक्ष्याला नीट मिळत नाही. मग पिल्लू लंगडतं, गुडघ्यासारखा दिसणारा सांधा सुजतो, पाय धनुष्यासारखे वाकतात. उपाय स्वस्त आहे: ब्रूअर्स यीस्टची पावडर, किलोभर खाद्याला 40-50 ग्रॅम, पहिल्या दिवसापासून आठ-दहा आठवडे. पाव फुगवायचं जिवंत यीस्ट वापरू नका, ते पोटात फसफसतं. पावडर मिळाली नाही तर पशुवैद्यकाला विचारून ब जीवनसत्त्वाचं औषध पाण्यातून द्या. मीठ न लावलेला सुका जवळा कुटून थोडा दिला तर चांगलाच, पण खारवलेला मुळीच नको, बदकाच्या पिल्लाला मीठ बाधतं.

खाद्य घेताना पोत्यावरची चिठ्ठी वाचा. बऱ्याच स्टार्टरमध्ये रक्ती हगवणीविरुद्धचं औषध आधीच मिसळलेलं असतं. ते कोंबडीच्या पिल्लाच्या खाण्याच्या हिशेबानं असतं आणि बदकाचं पिल्लू कितीतरी जास्त खातं. त्यांतली काही औषधं बदकांना सोसत नाहीत. बदकांसाठी औषध नसलेलं पोतं मागा. दोन आठवड्यांनंतर बदकांची प्रथिनं 16 ते 18 टक्क्यांवर आणा. म्हणजे त्याच खाद्यात तांदळाची कणी, कोंडा, चिरलेला पाला मिसळायला लागा. भरमसाट प्रथिनांवर झपाट्यानं वाढलेल्या बदकाचं पंखाचं टोक बाहेर वळतं, ते मग तसंच राहतं.

आणि बुरशी. यावर मी जरा जास्तच बोलतो, पण आपल्या दमट हवेत बोललंच पाहिजे. बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीत, मक्यात किंवा कोंड्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि बदकाचं पिल्लू त्या विषाला सगळ्यांत नाजूक असलेल्या प्राण्यांपैकी एक आहे. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी मोठ्या संख्येनं मेले तेव्हा शोध घेता घेता संशय शेंगदाणा पेंडीवर आला, आणि पुढे खाद्यात हे विष आहे का ते तपासायला शास्त्रज्ञ बदकाचीच पिल्लं वापरायचे. जे खाद्य कोंबडी खाऊन पचवते, त्यानं बदकाचं पिल्लू मरू शकतं. म्हणून पंधरा दिवसांपेक्षा जास्तीचं खाद्य भरू नका. पोतं जमिनीवर टेकवू नका, भिंतीलाही नको, फळीवर ठेवा. वास कुबट आला, गुठळी दिसली, तर ते कोंबड्यांनाही न घालता पुरून टाका. वाळवून, निवडून वापरायचा मोह होतो. वाळवल्यानं बुरशी मरते, विष तसंच राहतं.

बारीक भरडा बदकाच्या चोचीत चिकटतो, तो ओलसर करून द्या, पण अर्ध्या तासात संपेल एवढाच. आपल्याकडच्या उष्म्यात भिजवलेलं खाद्य दुपारपर्यंत आंबतं. आणि पाण्याशिवाय खाद्य कधीच नको, बदकाचं पिल्लू कोरडं खाद्य भरभरून खातं आणि ते घशात अडकतं. रात्री पाणी काढून घेणार असाल तर खाद्यही काढा.

पिल्लं आली की पहिले काही तास फक्त पाणी, त्यात लिटरला चमचाभर गूळ. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवून दाखवा. मग खाद्य. रोज सकाळी मागची बाजू बघा, विष्ठा चिकटून बंद झाली असेल तर कोमट पाण्यानं भिजवून सोडवा, ओढू नका. मुलं पिल्लांना हात लावणारच, त्यांना साबणानं हात धुवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

लसीकरण कोंबड्यांचं चुकवू नका. मरेक्स या रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी देतात, दिलीय का ते विचारून घ्या. मानमोडीसाठी (राणीखेत रोगासाठी) पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही लस डोळ्यात-नाकात थेंब टाकून, दोन आठवड्यांच्या सुमाराला गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, सहाव्या आठवड्याला देवीची लस, आठव्याला मानमोडीची टोचून द्यायची लस. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची असते आणि फोडली की दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या आणखी दोन-तीन घरांनी मिळून तारीख ठरवली की सोपं जातं. कुपी बर्फाच्या थर्मासमधूनच आणायची. बदकांना रोगच होत नाहीत असं गावात सांगतात, ते खरं नाही. बदकांना प्लेग आणि कॉलरा दोन्ही होतात. त्यांच्या लसी पशुवैद्यक सांगेल त्या वयाला टोचून घ्या.

सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, कोंबड्यांना पुरती पिसं फुटली की मधली जाळी काढायची. ती संध्याकाळी काढा, अंधार पडायच्या थोडं आधी, आणि पुढचे दोन दिवस लक्ष ठेवा. कोंबड्यांसाठी दीड-दोन फुटांवर दांडी बांधा, पण बदकांच्या झोपायच्या कोपऱ्यावर नको, रात्रभर वरून विष्ठा पडते. कोंबड्या दिवेलागणीला आपण होऊन आत जातात. बदकं जात नाहीत. त्यांना रोज एकाच हाकेनं, एकाच वेळी खाद्य दाखवून आत घ्यायची सवय लहानपणापासून लावावी लागते. आणि बदकाला कोंबडीसारखं तंगडीला धरून उचलू नका, ते पाय नाजूक असतात. मानेच्या बुडाशी हलकं धरून दुसरा हात पोटाखाली.

नरांचा प्रश्न बहुतेक जण आधी विचारत नाहीत. दहा पिल्लं न निवडता आणली तर चार-पाच नर निघतील असं धरा. दोन महिन्यांच्या सुमाराला आवाजावरून कळतं: मादी मोठ्यानं क्वॅक करते, नराचा आवाज बसलेला, घोगरा असतो. पुढे नराच्या शेपटीवर वर वळलेलं पीस येतं. पाच-सहा माद्यांना एक नर पुरे. जास्तीचे नर वेगळे काढा किंवा विका, कारण माद्या कमी पडल्या की नर बदकं कोंबड्यांवर चढतात. त्यांची शरीररचना कोंबड्यापेक्षा वेगळी असते, त्यात कोंबडीला आतून इजा होते आणि ती मरूही शकते. मी दोन तलंगा (तरुण कोंबड्या) अशा गमावल्या आहेत. सहा बदकं आणि त्यात एकच नर असा कळप मला सगळ्यांत शांत वाटतो.

राहिलं तळं. आधी खणू नका. आईविना वाढलेल्या पिल्लाच्या अंगावर सुरुवातीला तेलाचा पुरेसा थर नसतो. आई असती तर तिच्या पिसांतून तो मिळाला असता. असं पिल्लू पाण्यात सोडलं तर भिजून गारठतं. तीन आठवड्यांनंतर, उन्हाच्या दिवशी, उथळ घमेल्यात कोमट पाणी घालून, चढायला दगड ठेवून पाच-दहा मिनिटं पोहू द्या आणि लगेच कोरडी करा. पाच-सहा आठवड्यांनी अंगावर पिसं आली की मग मोकळं पाणी. खाकी कॅम्पबेलला अंडी घालायला तळं लागत नाही, डोकं बुडेल एवढं स्वच्छ पाणी मिळालं की ती घालते. अंडी पहाटे ते सकाळी नऊच्या आत पडतात, तोवर आतच ठेवा, नाहीतर परड्यात शोधत फिरावं लागेल.

गावच्या तळ्यावर बदकं नेण्याचा विचार असेल तर थंडीत तो सोडा. तिथे परदेशी पाणपक्षी उतरतात, आणि बर्ड फ्लूचा विषाणू बदक कसलंही लक्षण न दाखवता बाळगू शकतं. कोंबड्या मात्र त्यानं पटापट मरतात. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आला तेव्हा तिथल्या कोंबडीवाल्यांचं काय झालं ते अनेकांना आठवत असेल. घरचंच पाणी बरं. पुढच्या वर्षी बदकं अंड्यावर आली आणि तुमचा उत्साह टिकला तर मांगरापासून पंचवीस-तीस फुटांवर, उताराच्या खालच्या अंगाला, चार बाय सहा फुटांची आणि फूट-दीड फूट खोल टाकी बांधा. तळाला नळी ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी ते पाणी माडांच्या आळ्यांत सोडता येईल.